ओटीपोटाच्या झोळीचं माप: एकीने ग्रेड २ दिला, दुसरीने ३

गेल्या अंकात खोकताना-शिंकताना लघवी सुटते त्याबद्दल लिहिलं होतं आणि त्यात जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की व्यायाम सुरू करायच्या आधी पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंची, ताकद एकदा तपासून घ्या. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बहुतेकींचा प्रश्न फिरून फिरून एकच आहे, हे जे माप घेतात त्यावर विश्वास ठेवायचा का, आणि ठेवायचा तर किती. नावं कोणाचीच छापत नाहीये, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न: ताई नमस्कार. मी नाशिकची, वय ३८, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल. दुसऱ्या बाळंतपणानंतर पळणं तर सोडाच, जोरात हसले तरी थेंब थेंब जाते. एका फिजिओ मॅडमकडे गेले, त्यांनी हाताने तपासून ग्रेड २ सांगितला. लांब पडायचं म्हणून तीन आठवड्यांनी घराजवळच्या दुसऱ्या मॅडमकडे गेले, त्यांनी ग्रेड ३ सांगितला. मधल्या काळात व्यायाम मी धड चार दिवससुद्धा केला नव्हता. आमचे मिस्टर म्हणतात हे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे आहे, पैसे घालवू नकोस. यातलं कोण चुकलं?

उत्तर: बहुतेक कोणीच चुकलं नाहीये. पण ते पटायला आधी ही टेस्ट नेमकी काय असते ते सांगायला हवं, कारण ती होत असताना आपण छताकडे बघत पडलेल्या असतो आणि समोरची बाई काय शोधतेय हे आपल्याला कोणी सांगतच नाही.

तपासणारी ग्लोव्ह घालून, जेल लावून एक किंवा दोन बोटं योनीमार्गात ठेवते आणि म्हणते, आता लघवी आणि वारा दोन्ही एकदम अडवल्यासारखं करा, आवळा आणि आत ओढून घ्या. तिच्या बोटाला दोन वेगवेगळ्या गोष्टी कळायला हव्यात, एक म्हणजे भोवतीने आवळल्याची पकड, आणि दुसरी म्हणजे बोट आत, म्हणजे डोक्याच्या दिशेने, उचललं जातंय ही जाणीव. कारण हे स्नायू पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे बांधलेले असतात आणि झोळी घट्ट ओढली की ती वर यायलाच हवी. मग ती मनात ग्रेड ठरवते. काहीच हाललं नाही तर ०, बोटाखाली नुसती फडफड झाली तर १, कमजोर पण कळण्यासारखं आवळलं तर २, आवळण्यासोबत थोडी उचल आली तर ३, चांगली पकड आणि चांगली उचल असेल तर ४, आणि तिने बोटाने विरोध केला तरी न सुटणारी घट्ट पकड असेल तर ५. याला मॉडिफाइड ऑक्सफर्ड स्केल म्हणतात, ब्रिटनमधल्या जो लेकॉक या फिजिओथेरपिस्टने ते या स्नायूंसाठी रुळवलं.

आता बघा, तुमचा २ आणि ३ मधला सगळा वाद त्या "थोडी उचल" वर आहे. ती उचल काही मिलिमीटरची असते आणि ती एका बाईच्या बोटाला जाणवली, दुसरीच्या बोटाला नाही जाणवली, एवढंच झालेलं असू शकतं.

आणि हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाहीये. नॉर्वेमध्ये कारी बो नावाच्या फिजिओथेरपिस्ट-संशोधक आहेत, या विषयात त्यांचं नाव सगळ्या जगात घेतलं जातं, त्यांनी २००१ मध्ये अगदी हाच प्रयोग छापला होता. २० जणी घेतल्या, दोन फिजिओंनी प्रत्येकीला वेगवेगळं तपासलं आणि एकमेकींना न सांगता ग्रेड लिहिले. किती जणींच्या बाबतीत दोघींचं एकमत झालं असेल? फक्त ९. म्हणजे निम्म्याहून कमी. असं एकमत नुसतं योगायोगानेसुद्धा होऊ शकतं ना, तर तेवढा भाग वजा करून जो आकडा काढतात त्याला कप्पा म्हणतात, पूर्ण एकमत असेल तर तो १ येतो आणि नुसता योगायोग असेल तर ०. इथे तो ०.३७ आला होता. त्याच प्रयोगात मशीनने दाब पण मोजला होता आणि असं दिसलं की बोटाने दिलेले कमजोर, मध्यम, चांगला, जोरदार हे ग्रेड दाबाच्या आकड्यांशी नीट जुळतच नाहीत. त्यामुळे संशोधनात ताकद मोजायला नुसतं बोट पुरत नाही असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

असं का होतं याची कारणं अगदी साधी आहेत. एकीने एक बोट वापरलं, दुसरीने दोन. एकीने मागच्या भिंतीवर दाबून बघितलं, दुसरीने डाव्या-उजव्या बाजूला, आणि बाळंतपणानंतर दोन बाजू सारख्या असतीलच असं नाही. एकीने उशी देऊन गुडघे वाकवून झोपवलं, दुसरीने पाय सरळ ठेवले. आणि सगळ्यात मोठं कारण तुम्ही स्वतः. पहिल्या वेळी कुठली बाई टेबलावर मोकळी असते हो, अंग चोरून घेतलेलं असतं, काय आवळायचं तेच कळत नसतं. दुसऱ्या वेळी आपोआप थोडं जमतं कारण पहिल्या वेळी शिकलेलं लक्षात असतं. ताकद तेवढीच, पण जमायला लागलं. तुमचा ३ त्यातूनही आलेला असू शकतो.

मग बोटाने तपासणं निरुपयोगी का? मुळीच नाही आणि हे मला अगदी ठासून सांगायचंय. आवळताय की उलटं खाली ढकलताय, एका बाजूला स्नायू लागतच नाही असं आहे का, दाबल्यावर दुखतंय का, आणि आवळल्यानंतर स्नायू पूर्ण सैल सुटतो का, हे सगळं बोटाला कळतं, मशीनवर नुसता आकडा दिसतो. पहिल्या खेपेला साधारण तीनपैकी एकीला हे आवळणं नीट जमत नाही. ते पकडायला बोटासारखं साधन नाही. फक्त त्या ग्रेडला दहावीच्या मार्कांसारखं धरू नका. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी या लघवीवर ताबा न राहण्याच्या त्रासावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेने २००५ मध्ये शब्द ठरवून दिले तेव्हा चारच ठेवले, नाही, कमजोर, नॉर्मल, जोरदार. मला तो शहाणपणा वाटतो. बोटाला जितकं कळतं तितकंच लिहावं.

आता तुम्ही काय करायचं तर दोघींपैकी जिच्याकडे तुम्हाला मोकळं वाटतं ती एक पकडा आणि पुढचे तीन महिने तिलाच तपासू द्या. कागदावर नुसता "ग्रेड ३" नको, किती सेकंद धरता आलं, तसं किती वेळा जमलं आणि पटापट किती वेळा आवळता आलं हे पण लिहून मागा. ३, ५, ६, ८ असे चार आकडे असले तर त्याचा अर्थ ताकद ३, पाच सेकंद धरलं, सहा वेळा जमलं, पटापट आठ वेळा. तीन महिन्यांनी पाच सेकंदाचे नऊ झाले तर ते ग्रेडच्या वादापेक्षा जास्त बोलकं आहे.

आणि मिस्टरांना सांगा की माप थोडं ढिलं आहे म्हणून औषध खोटं ठरत नाही. या व्यायामावर जगभरातले प्रयोग एकत्र करून २०१८ मध्ये कॉक्रेन या संशोधन तपासून बघणाऱ्या संस्थेचा आढावा आला, त्यात खोकल्या-हसण्यावर लघवी सुटणाऱ्या बायकांपैकी व्यायाम केलेल्यांत १०० पैकी ५६ जणींनी बरं झालं असं सांगितलं, न केलेल्यांत ६ जणींनी. पैसे कुठे जातायत ते यावरून ठरवा म्हणावं.

प्रश्न: मी मिरजेची. माझी मशीनने टेस्ट झाली. मार्चमध्ये रीडिंग ३४ आलं होतं. मग बदली होऊन पुण्याला गेलो, तिथे जूनमध्ये केलं तर २५. तीन महिने नेमाने व्यायाम करून कमी कसं झालं? खूप रडू आलं, खरं सांगते.

उत्तर: रडू नका, आधी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवा आणि आकड्याच्या पुढे काय लिहिलंय ते बघा. एकावर सेंटिमीटर पाणी आणि दुसऱ्यावर मिलिमीटर पारा असं असेल तर तुमची ताकद तसूभरही कमी झालेली नाही. १ मिलिमीटर पारा म्हणजे साधारण १.३६ सेंटिमीटर पाणी. २५ ला १.३६ ने गुणा, ३४ च येतात. मी हे इतक्या वेळा बघितलंय की आता रिपोर्ट हातात आला की आधी एकक बघते आणि मग आकडा.

एकक सारखंच असेल तर पुढचा प्रश्न, मशीन तेच होतं का. या मशीनला पेरिनोमीटर म्हणतात. अमेरिकेतल्या अर्नोल्ड केगल या स्त्रीरोगतज्ज्ञाने हे पहिल्यांदा वापरात आणलं, १९४८ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला, आपण ज्याला केगल व्यायाम म्हणतो ते यांचंच नाव. तेव्हा रबरी फुगा, नळी आणि पाऱ्याच्या दाबाची तबकडी होती, आता डिजिटल आहे, पण तत्त्व तेच, आत ठेवलेल्या हवेच्या प्रोबवर, म्हणजे फुग्यासारख्या भागावर, किती दाब पडतो. आता प्रत्येक कंपनीचा प्रोब वेगळ्या जाडीचा नि लांबीचा. जाड प्रोब स्नायूला आधीच ताणून ठेवतो, बारीक प्रोब तसं करत नाही, त्यामुळे त्याच बाईचं त्याच दिवशी दोन मशीनवर वेगळं रीडिंग येतं. हे कारी बो यांच्याच गटाने तपासून दाखवलंय, दोन वेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नयेत. शिवाय प्रोब किती आत आहे त्यावरही ठरतं, त्या स्वतः मोजताना फुग्याचा मध्य योनीमार्गाच्या दारापासून साडेतीन सेंटिमीटर आत येईल असा ठेवतात, कारण स्नायूची पकड तिथे असते. अर्धा-एक सेंटिमीटर सरकला की आकडा बदलला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे कोणी सांगत नाही. प्रोबला फक्त दाब कळतो, तो कुठून आला ते कळत नाही. तुम्ही श्वास रोखून पोट कडक केलंत, संडासला जोर लावतो तसा खाली जोर दिलात, तरी पोटातला दाब वरून प्रोबवर येतो आणि आकडा झक्क वर जातो. म्हणजे ज्या गोष्टीने लघवी सुटते तीच केल्यावर मशीन शाबासकी देतं. म्हणून आकडा खरा धरायचा तर तपासणारीने दोन गोष्टी डोळ्यांनी बघायलाच हव्यात. आवळल्यावर प्रोबची बाहेरची नळी जराशी आत ओढली गेली पाहिजे, ती बाहेर सरकली तर ते रीडिंग खोडून टाकायचं. आणि पोटावर हात ठेवला तर बेंबीच्या वरचा भाग फुगायला नको, श्वास चालू हवा.

ही भीती खोटी नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये ४७ बायकांना थोडक्यात तोंडी सांगून हे आवळायला लावलं आणि मोजलं, २३ जणींचं छान जमलं, पण १२ जणी असं काही करत होत्या ज्याने लघवी सुटायचा त्रास उलट वाढू शकतो. चौघींमागे एक! त्यामुळे मार्चमधले तुमचे ३४ पोटाच्या जोराने आले असतील आणि जूनमधले २५ खरे स्नायूचे असतील हीसुद्धा एक शक्यता आहे, आणि तसं असेल तर ती चांगलीच बातमी आहे.

तरीही माझं मत विचाराल तर एकाच ठिकाणी, एकाच मशीनवर, एकाच पद्धतीने घेतलं तर जास्तीत जास्त आवळण्याचा आकडा बोटाच्या ग्रेडपेक्षा भरवशाचा असतो. नुसतं पडून असतानाचा दाब तेवढा भरवशाचा नसतो आणि किती वेळ धरलं हे मशीनने मोजलेलं तर त्याहूनही डळमळीत येतं. एक गोष्ट मात्र करा, तीन वेळा आवळून त्याची सरासरी घ्यायला सांगा, एकाच झटक्याचा आकडा नको.

पुण्यातल्या मॅडमना मार्चचा रिपोर्ट दाखवू नका असं नाही म्हणत, दाखवा, पण सुरुवात जूनच्या २५ पासून धरा. आणि मला एक कळवा, मार्चमध्ये दिवसाला किती पॅड लागायचे आणि आता किती?

प्रश्न: हिंजवडीत आयटीत आहे, ३३ वर्षं. ऑनलाइन एक छोटं डिव्हाइस घेतलं जे आत ठेवायचं आणि फोनवर गेम खेळत आवळायचं. सोमवारी स्कोअर ४१, गुरुवारी ३३, रविवारी ४४. एवढं खालीवर का होतं, मी काही चुकतेय का?

उत्तर: घरात भाजीचा काटा असतो ना, त्यावर कांदे तोलता येतात, पण त्यावर केशर तोलायला गेलात तर तो कधी काही दाखवेल कधी काहीच नाही, त्यासाठी सोनाराचा काटा लागतो. प्रत्येक मापाची अशी एक चूक असतेच आणि त्या चुकीपेक्षा लहान फरक हा फरकच नसतो. तुमच्या ४१, ३३, ४४ मध्ये नुसती काट्याची थरथर असू शकते. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी केलं, मूत्राशय भरलेलं होतं, पाळी जवळ होती, झोपून करायच्या ऐवजी बसून केलं, डिव्हाइस थोडं बाहेर राहिलं, एवढ्यातल्या कशानेही आकडा हलतो.

म्हणून रोज बघू नका. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, लघवी करून आल्यावर, त्याच पद्धतीने झोपून तीनदा करा आणि सरासरी लिहून ठेवा. सुरुवातीला एकदा तरी हातात छोटा आरसा घेऊन बघा, आवळल्यावर दोन्ही वाटांमधला भाग आत-वर गेला तर बरोबर, बाहेर फुगला तर फोनने कितीही फटाके फोडले तरी ते चूक आहे. स्कोअरच्या मागे लागून दिवसभर आवळून ठेवायची सवय लागलेल्या मुली माझ्याकडे येतात, त्यांना मग संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी पूर्ण होत नाही. दुखायला लागलं तर डिव्हाइस ठेवून द्या आणि दाखवा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने दिलेला रोजचा हिशोब साधा आहे, एका वेळी किमान आठ वेळा आवळायचं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. त्याला गेम लागत नाही, लागला तर लागू दे, पण मोजणारी तुम्हीच राहा.

प्रश्न: ताई मी २२ वर्षांची, लातूर. खो-खो खेळते. उडी मारली की लघवी जाते म्हणून दोन स्पर्धा सोडल्या. लग्न झालेलं नाही. टेस्ट आतून करतात हे कळल्यापासून कुठेच जायची हिंमत होत नाहीये. आतून न तपासता होत नाही का?

उत्तर: होतं. आणि तू लिहिलंस हे फार बरं केलंस, कारण उड्या-पळापळीच्या खेळात मूल न झालेल्या मुलींनाही हा त्रास होतो, तू एकटी नाहीस आणि तुझ्यात काही वाईट झालेलं नाही.

तुझ्या परवानगीशिवाय कोणी आतून तपासू शकत नाही, नाही म्हटलंस तर विषय तिथेच संपतो, आणि आई किंवा मैत्रीण खोलीत हवी असेल तर तेही सांगायचा तुला हक्क आहे. बाहेरून नुसतं बघूनही कळतं की आवळल्यावर तो भाग आत जातो की बाहेर येतो, आणि पहिल्या दिवशी तेवढं पुरतं.

दुसरा मार्ग सोनोग्राफीचा. मूत्राशय बऱ्यापैकी भरलेलं ठेवून पोटावरून प्रोब लावतात आणि स्क्रीनवर मूत्राशयाचा तळ दिसतो, तू आवळलंस की तो वर उचलला जाताना तुला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो, खाली गेला तर समजायचं ढकलतेयस. शिकायला हे फार छान आहे. पण माप म्हणून याच्या मर्यादा लक्षात ठेव. इथे ताकद मोजत नाहीत, हालचाल मोजतात, आणि प्रोब पोटावर असल्यामुळे पोट हललं की प्रोबही हलतो, मागे धरायला हाडाची स्थिर खूण नसते. म्हणून आज ८ मिलिमीटर आणि पुढच्या महिन्यात ६ आले तर घाबरायचं नाही. प्रोब खालून, बाहेरच्या बाहेर, दोन पायांच्या मधे लावूनही सोनोग्राफी करतात, त्यात पुढचं हाड दिसत असल्यामुळे मोजमाप जास्त पक्कं येतं आणि त्यालाही आत काही घालावं लागत नाही. आपल्याकडे १९९४ च्या लिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन नोंदणी झालेल्या ठिकाणीच वापरता येतं, त्यामुळे परदेशातल्यासारखं ते फिजिओच्या टेबलाशेजारी दिसत नाही, डॉक्टरांकडून करून घ्यावं लागतं.

आणि स्पर्धा सोडू नकोस. उडी मारायच्या आधी क्षणभर आवळायचं हे शिकता येतं.

प्रश्न: मॅडम, मी सांगलीची, फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला हाच विषय घेतलाय. ईएमजी मशीन कॉलेजला आहे, पेरिनोमीटरसाठी मागणी करावी लागेल. गाइड म्हणतात ईएमजीच वापर, ते जास्त सायंटिफिक आहे. तुमचं मत?

उत्तर: गाइडांचा मान राखून सांगते, ईएमजी ताकद मोजत नाही. ते स्नायूतली विजेची हालचाल मायक्रोव्होल्टमध्ये दाखवतं. स्नायू जागा झाला की नाही, कधी झाला, नंतर शांत झाला का, यासाठी उत्तम. पण प्रोबवरच्या पट्ट्या किती नीट टेकल्यात, आत ओलावा किती, शेजारच्या मांड्यांचे नि नितंबांचे स्नायू किती गडबड करतायत, या सगळ्यावर तो आकडा नाचतो. तुझ्या प्रोजेक्टच्या नावात "ताकद" हा शब्द असेल तर पेरिनोमीटरची मागणी कर, नसेल मिळत तर नाव बदल. हे मी अगदी मनापासून सांगतेय, नाव एक आणि माप दुसरंच असं झालं की पुढे तीन जण तेच उचलतात.

भरवसा आणि खरेपणा यात गल्लत करू नकोस. दुकानातला काटा प्रत्येक वेळी बरोब्बर ५० ग्रॅम कमी दाखवत असेल तर तो भरवशाचा आहे पण मापात पाप आहे. पोटाचा जोर मोजणारं पेरिनोमीटर तसंच, दहा वेळा तेच रीडिंग देईल आणि दहाही वेळा चुकीच्या स्नायूचं.

स्नायूचं खरं बळ, न्यूटनमध्ये, मोजायचं तर डायनॅमोमीटर लागतो. कॅनडात मॉन्ट्रियलला शांताल द्यूमुलाँ यांच्या गटाने तो २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बनवून तपासला, तपासणीच्या स्पेक्युलमसारख्या दोन पात्या आणि त्यात बळ मोजणारे सेन्सर. पात्या किती उघडल्या त्यावर बळ बदलतं, कारण कुठलाही स्नायू थोडा ताणलेला असताना जास्त ओढतो, त्यामुळे किती उघडल्या ते दर वेळी सारखं ठेवून लिहावं लागतं. संशोधनात तो बरा चालतो, पण आपल्या गावात क्लिनिकमध्ये सापडणं कठीण.

काम करताना एवढं सांभाळ. दोन तपासणाऱ्या ठेव आणि त्यांना एकमेकींचे आकडे दिसू देऊ नकोस. आधी एक दिवस नुसता शिकवण्यात घालव आणि मग मोजायला सुरुवात कर, नाहीतर शिकल्यामुळे वाढलेला आकडा तू ताकद वाढली म्हणून लिहिशील. दोन मापांमधे काही दिवसच ठेव, महिना गेला तर बाईच बदललेली असेल. आयसीसी, म्हणजे दोन मापं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा १ पर्यंतचा आकडा, ०.९ आला म्हणून तिथेच थांबू नकोस, किती सेंटिमीटर पाण्याच्या खालचा फरक ही नुसती मशीनची चूक धरायची तो आकडा काढ, कारण टेबलावर बसलेल्या बाईला आयसीसी सांगून काही उपयोग नसतो, "तुमचे पाच वाढलेत ते खरे आहेत का" हे तिला हवं असतं. आणि नळी आत गेली की बाहेर आली याचा रकाना तक्त्यात पहिल्या पानावर टाक.

प्रश्न: मी दुबईत असते. आई ६८ ची, साताऱ्याला एकटी. अंग बाहेर येतं तिचं, बरीच वर्षं लपवलं होतं. तपासलं तर ग्रेड १ म्हणाले. आता आई म्हणते एकच मार्क पडलाय, व्यायाम करून काय होणार, ऑपरेशनच करून टाका.

उत्तर: आईंना आधी सांगा की हा मार्क नाहीये. ग्रेड १ चा अर्थ बोटाखाली स्नायू हलला, म्हणजे तो आहे. त्या वयात इतकी वर्षं कोणी शिकवलेलंच नसतं त्यामुळे पहिल्या दिवशीचा १ हा कितीतरी वेळा न कळल्याचा असतो, शिकवून दोन-तीन वेळा तपासल्याशिवाय त्यावर काही ठरवू नये.

दुसरं, अंग किती बाहेर आलंय हे वेगळं माप आहे. ते डॉक्टर जोर करायला लावून सेंटिमीटरमध्ये घेतात, त्याची १९९६ पासून ठरलेली पद्धत आहे, आणि ऑपरेशन की अंग आत धरून ठेवणारी रिंग की नुसता व्यायाम हे त्या मापावरून आणि आईंना किती त्रास होतो त्यावरून ठरतं, या ग्रेडवरून नाही. अवघड बाळंतपणात, विशेषतः चिमटा लावून झालं असेल तर, हा स्नायू एका बाजूला हाडापासून सुटलेला असू शकतो, आणि मग कितीही व्यायाम केला तरी त्या बाजूला बोटाला पकड लागत नाही. आईंना विचारा कुठल्या बाळंतपणात चिमटा लावला होता का, आणि ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, खालून केलेल्या सोनोग्राफीत ते दिसतं.

तपासायला बाई डॉक्टर किंवा बाई फिजिओ आहे ना ते फोन करून आधीच विचारून घ्या, सोबत मावशी किंवा शेजारच्या काकू जातील असं बघा. आणि व्हिडिओ कॉलवर असाल तर कॅमेरा आईंच्या चेहऱ्याकडे राहू द्या, त्यांना नीट समजलं का ते तुम्हाला तिथे दिसेल.